बॉबी ऑरचा गुडघा आणि चाहत्यांचे जर-तर

बॉबी ऑरचे नाव निघाले की बर्फावरच्या हॉकीचा जुना चाहता दोन गोष्टी हमखास बोलतो. एक, असा खेळाडू पुन्हा होणे नाही. दुसरी, डाव्या गुडघ्याने दगा दिला नसता तर तो कुठच्या कुठे गेला असता. पहिल्या उद्गाराशी माझा वाद नाही. दुसरा मात्र मला मुळातच चुकीचा वाटतो. तो प्रेमापोटी निघतो, त्यामुळे त्याला कोणी हटकत नाही, आणि न हटकल्यामुळे तो आता इतिहास म्हणून रुळला आहे. अपुरी राहिलेली कारकीर्द, दैवाने हिरावलेला महान खेळाडू अशा शब्दांत ऑरचे स्मरण होते तेव्हा त्याने प्रत्यक्ष जे केले ते मागे पडते आणि जे घडलेच नाही त्याचे गोडवे गायले जातात. हा त्याच्यावर अन्याय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे हॉकी म्हणजे मैदानावरची, म्हणून आधी थोडी ओळख. रॉबर्ट गॉर्डन ऑर याचा जन्म २० मार्च १९४८ चा, कॅनडाच्या ओंटारियो प्रांतात, जॉर्जियन उपसागराच्या काठावरच्या पॅरी साउंड या छोट्या गावात. हिवाळ्यात गोठलेल्या पाण्यावर मुलांचे थवे स्टिका घेऊन उतरत आणि ज्याच्याजवळ पक, म्हणजे रबरी चकती, तो राजा, असा खेळ अंधार पडेपर्यंत चाले. तिथे ऑर घडला. बॉस्टन ब्रुइन्स संघाच्या माणसांनी १९६१ मध्ये त्याला हेरले, चौदाव्या वर्षी तो ओशावा जनरल्सकडून आपल्याहून कितीतरी मोठ्या मुलांत खेळू लागला आणि १९६६ मध्ये, अठराव्या वर्षी, बॉस्टनकडून नॅशनल हॉकी लीगमध्ये उतरला. १९७६ मध्ये तो शिकागोच्या संघात गेला. नोव्हेंबर १९७८ मध्ये, तिशी नुकतीच ओलांडलेली असताना, त्याने निवृत्ती जाहीर केली. एकूण ६५७ सामने, २७० गोल, ६४५ असिस्ट. या खेळात गोलाला एक गुण आणि गोलासाठी पास देणाऱ्यालाही एक गुण. म्हणजे ९१५ गुण. आणि हा माणूस बचावपटू होता, हे विसरून चालणार नाही.

आता पूर्वपक्ष नीट मांडू. दुबळा करून मांडलेला पूर्वपक्ष खोडण्यात काही पुरुषार्थ नाही.

पूर्वपक्ष असा. ऑरच्या डाव्या गुडघ्यावर डझनाहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, १९७४-७५ च्या हंगामात, त्याने ४६ गोल आणि ८९ असिस्ट केले, लीगमध्ये सर्वाधिक १३५ गुण मिळवले. पुढच्या हंगामात तो जेमतेम १० सामने खेळला. त्यानंतर शिकागोकडून २६. म्हणजे ऐन भरात असलेला खेळाडू तीन-चार वर्षांत संपला. वेन ग्रेट्झ्की १,४८७ सामने खेळला, गॉर्डी हाउ १,७६७. ऑरला त्यांच्या निम्मे आयुष्य मिळाले असते तरी बचावपटूंचे सगळे विक्रम कायमचे त्याच्या नावावर राहिले असते, सर्वश्रेष्ठ कोण हा वादच उरला नसता. दैवाने ते होऊ दिले नाही.

या पूर्वपक्षाचा एक विरोधी भाऊ आहे. तो म्हणतो, कारकीर्द लहान होती ना, मग सर्वश्रेष्ठ म्हणू नका. टिकून राहणे हाही मोठेपणाच. दोघे एकमेकांशी हिरिरीने भांडतात, पण दोघांच्या हातात मोजपट्टी एकच, लांबीची. एक म्हणतो लांबी कमी पडली, अरेरे. दुसरा म्हणतो लांबी कमी पडली, बाद. माझे म्हणणे दोघांनाही लागू आहे.

पहिला आणि सर्वांत मोठा दोष कालक्रमाचा आहे. या कथेत आधी तेजस्वी खेळाडू येतो आणि मग गुडघा येऊन त्याला पाडतो. प्रत्यक्षात क्रम उलटा आहे. ऑर लीगमध्ये आला त्याच वर्षी, डिसेंबर १९६६ मध्ये, टोरांटोविरुद्धच्या सामन्यात मार्सेल प्रोनोव्होस्टच्या धडकेने तो कठड्यावर आदळला आणि गुडघा दुखावला. वय अठरा. पुढच्या उन्हाळ्यात विनिपेगच्या एका प्रदर्शनी सामन्यात उजवा गुडघाही दुखावला. त्या वर्षीच्या हिवाळ्यात खांद्याचे हाड मोडले आणि फेब्रुवारी १९६८ मध्ये डाव्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. तोपर्यंत वयाची वीस वर्षेही पुरी झालेली नव्हती.

पहिल्या दोन हंगामांचे आकडे घ्या. १९६६-६७ मध्ये ६१ सामने, १३ गोल, २८ असिस्ट. १९६७-६८ मध्ये ४६ सामने, ११ गोल, २० असिस्ट. दोन्ही मिळून १०७ सामने, २४ गोल, ७२ गुण. एकूण कारकिर्दीतून हे वजा करा. उरतात ५५० सामने, २४६ गोल आणि ८४३ गुण. म्हणजे ज्याला आपण बॉबी ऑर म्हणतो तो जवळजवळ सगळाच्या सगळा शस्त्रक्रिया झालेल्या गुडघ्यावर उभा आहे. सलग सहा हंगाम शंभराहून अधिक गुण, त्या गुडघ्यावर. १९६९-७० मध्ये सर्वोत्तम बचावपटूचा नॉरिस, सर्वाधिक गुणांचा आर्ट रॉस, लीगमधल्या सर्वांत मोलाच्या खेळाडूचा हार्ट आणि बाद फेरीतल्या सर्वांत मोलाच्या खेळाडूचा कॉन स्माइथ हे चारही करंडक एकाच हंगामात, त्या गुडघ्यावर. पुढच्या हंगामात १३९ गुण आणि प्लस-मायनसच्या खात्यात अधिक १२४, तेही त्याच गुडघ्यावर. प्लस-मायनस म्हणजे खेळाडू बर्फावर असताना, जास्त माणसे असल्याचा फायदा घेऊन झालेले गोल वगळता, आपल्या संघाने केलेले आणि खाल्लेले गोल यांतला फरक. अधिक १२४ हा विक्रम आजही अबाधित आहे.

गुडघा धड असता तर काय झाले असते, हा प्रश्न म्हणूनच पोकळ आहे. धड गुडघ्याचा ऑर लीगने फार तर दोनेक महिने पाहिला. तो अठरा वर्षांचा, चमकदार, शिकाऊ मुलगा होता आणि त्याचा संघ सहांत सहावा आला. ज्या ऑरवर लोक जीव टाकतात तो गुडघ्यासकट ऑर आहे.

यावर चाहता म्हणेल, म्हणूनच तर! अधू गुडघ्यावर एवढे, तर धडधाकट गुडघ्यावर किती? ऐकायला बिनतोड वाटते. पण यात गृहीत हे धरले आहे की खेळ वेगळा आणि शरीर वेगळे, आणि शरीराचा दोष दूर केला की खेळ तसाच राहून वर जाईल. खेळाडूच्या बाबतीत असे होत नाही. आपले शरीर काय सोसेल, कुठे वळायचे, कुठे थांबायचे, पक केव्हा सोडायचा, हे सगळे त्याला आहे त्या शरीरातूनच शिकावे लागते. ऑरच्या जुन्या चित्रफिती पाहिल्या तर डोळ्यांत भरते ती त्याची गती बदलण्याची हातोटी. सामना जणू त्याच्या चालीने चालतो. समोरच्याला वाटते हा आता सुटला, तोवर तो मंदावलेला असतो. वाटते मंदावला, तोवर हा प्रतिस्पर्ध्याच्या हद्दीच्या निळ्या रेषेपलीकडे गेलेला असतो. हे कौशल्य दुखापतीतून आले असे मी म्हणणार नाही, तेवढा पुरावा माझ्याकडे नाही. पण दुखापत वगळून ते जसेच्या तसे राहिले असते, असे म्हणणाऱ्याकडे तर मुळीच नाही. पुराव्याचे ओझे जर-तर म्हणणाऱ्यावर असते.

त्याचा सर्वांत गाजलेला गोल घ्या. १० मे १९७०, बॉस्टन गार्डन, सेंट लुइस ब्लूजविरुद्ध अंतिम मालिकेतला चौथा सामना. बरोबरी, म्हणून जादा वेळ. बॉस्टनने १९४१ नंतर लीगच्या विजेतेपदाचा स्टॅनले करंडक जिंकलेला नव्हता. जादा वेळ सुरू होऊन अर्धे मिनिट झाले असेल. प्रतिस्पर्ध्यांनी कठड्यालगत पक बाहेर काढायचा प्रयत्न केला. बचावपटूने अशा वेळी मागे सरायचे, ही त्या काळची शिकवण. ऑर पुढे गेला. पक हुकला असता तर पाठीमागे मोकळे रान होते आणि सामना हातचा गेला असता. त्याने पक अडवला, गोलच्या मागे उभ्या असलेल्या डेरेक सँडरसनकडे सरकवला आणि स्वतः थेट गोलकडे धावला. सँडरसनने परत दिला. गोलरक्षक ग्लेन हॉलच्या पायांमधून पक आत. त्याच क्षणी नोएल पिकार्डची स्टिक पायात आली आणि ऑर हवेत आडवा झाला, दोन्ही हात पसरलेले, तोंडावर हसू. रे लुसिए या वृत्तपत्र-छायाचित्रकाराने तो क्षण टिपला. जादा वेळेतली चाळीस सेकंदे झाली होती. त्या छायाचित्राबरहुकूम केलेला पुतळा २०१० पासून बॉस्टनच्या क्रीडागाराबाहेर आहे.

छायाचित्र सगळ्यांना ठाऊक असते, त्याआधीचे पाच सेकंद फारसे कोणाला आठवत नाहीत. मला ते पाच सेकंद महत्त्वाचे वाटतात. बचावपटूने कठड्यालगत पुढे घुसणे म्हणजे धडका अंगावर घेणे. पक घेऊन संपूर्ण रिंकभर धावणे म्हणजे समोरच्या पाचही जणांना स्वतःवर बोलावणे. ऑरचे गुडघे त्याच्या खेळामुळे झिजले, आणि त्या खेळामुळेच तो ऑर झाला. गुडघा वाचवणारा, मागे थांबणारा, तीस-चाळीस गुणांवर समाधानी असणारा बचावपटू कदाचित चाळिशीपर्यंत खेळला असता. त्याचा पुतळा मात्र कोणी उभारला नसता. चाहत्यांना हा खेळही हवा आणि त्याची किंमत मात्र नको. तसे मागता येत नाही.

आता दैवाकडे वळू. दुखापत म्हणजे नशिबाचा घाला, हा या कथेतला दुसरा समज. इथे मी थोडे अधिक थांबणार आहे, कारण हा भाग फारसा कोणी सांगत नाही.

मांडीच्या आणि नडगीच्या हाडांमध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन कूर्चा असतात. बोलीभाषेत आपण त्यांना गुडघ्यातली गादी म्हणतो. शरीराचा भार त्या पसरवतात. गुडघा वाकलेला असताना पिळला गेला की त्या फाटतात, आणि बर्फावर सरकणाऱ्याचा गुडघा सतत वाकलेला आणि सतत पिळला जाणारा असतो. त्या काळी गादी फाटली की सांधा उघडून ती काढून टाकणे हाच सर्वत्र मान्य उपाय होता. गादीला फारसे काम नाही, अशी समजूत होती. गंमत नाही, खेदाची गोष्ट अशी की या समजुतीला तडा देणारा निबंध १९४८ मध्येच, म्हणजे ऑरच्या जन्माच्याच वर्षी, इंग्लंडमधले शल्यविशारद टी. जे. फेअरबँक यांनी प्रसिद्ध केलेला होता. गादी काढलेल्या गुडघ्यांच्या क्ष-किरण चित्रांत हाडांची झीज दिसू लागते, हे त्यांनी दाखवले होते. जपानमध्ये मासाकी वातानाबे दुर्बिणीतून गुडघ्यात पाहत होते. १९६२ मध्ये त्यांनी सांधा न उघडता गादीचा फाटलेला तेवढाच भाग काढून दाखवला. टोरांटोचे डॉक्टर रॉबर्ट जॅक्सन १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकच्या सुमारास त्यांच्याकडे शिकले आणि ती विद्या घेऊन टोरांटोला परतले. म्हणजे ऑर लीगमध्ये उतरला तेव्हा ज्ञान होते, आणि ते त्याच्याच प्रांतात होते. पण उत्तर अमेरिकेतल्या बहुतेक शल्यगृहांत ते पोहोचायला सत्तरचे दशक सरत आले.

ऑरवर उपचार करणाऱ्यांना मी दोष देत नाही. त्या काळच्या प्रघाताप्रमाणेच ते झाले. पण प्रघाताला दैव म्हणणे बरोबर नाही. दैव म्हटले की प्रश्न संपतो. प्रघात म्हटले की पुढचे प्रश्न सुरू होतात. खेळाडूला किती लवकर परत उतरवले जाते? विश्रांतीचे दिवस कोण ठरवतो? धडक कुठपर्यंत कायदेशीर? हे प्रश्न आजच्या खेळाडूंच्या कामाचे आहेत, ऑरचे रडगाणे त्यांच्या कामाचे नाही.

दैवाच्या पांघरुणाखाली आणखी एक गोष्ट लपते, आणि तिचा गुडघ्याशी संबंध नाही. १९७६ मध्ये ऑरने बॉस्टन सोडले. जखमी खेळाडूला संघाने वाऱ्यावर सोडले, असे कित्येक चाहत्यांना तेव्हा वाटले आणि काहींना आजही वाटते. खरी हकीकत अशी की बॉस्टनच्या मालकांनी त्याला संघाच्या मालकीत साडेअठरा टक्के वाटा देऊ केला होता. त्याचा प्रतिनिधी ॲलन ईगलसन याने तो ऑरपर्यंत नीट पोहोचूच दिला नाही. हाच ईगलसन खेळाडूंच्या संघटनेचा प्रमुख होता आणि शिकागोच्या मालकांशी त्याचे घनिष्ठ संबंध होते. ऑरने त्याला भावासारखे मानले, डोळे झाकून विश्वास टाकला आणि खेळ संपल्यावर हिशोब पाहिला तेव्हा देणे जास्त आणि शिल्लक कमी निघाली. १९९८ मध्ये ईगलसनने फसवणुकीचे गुन्हे कबूल केले आणि तुरुंगात गेला. त्याला हॉकीतल्या दिग्गजांच्या हॉल ऑफ फेममध्ये ठेवणार असाल तर आमची नावे काढा, असे ऑरसह अनेक जुन्या खेळाडूंनी बजावले, तेव्हा त्याने तिथला राजीनामा दिला. ज्या संघाकडून दोन स्टॅनले करंडक जिंकले त्या संघाच्या जर्सीत ऑर निवृत्त झाला नाही, याला गुडघा जबाबदार नाही. माणसे जबाबदार आहेत. हळहळायचेच असेल तर यावर हळहळावे. खरे नुकसान इथे झाले.

आकड्यांच्या बाजूने एक गंभीर आक्षेप येतो, तो टाळणार नाही. १९६७ मध्ये लीग सहा संघांची बारा झाली, १९७० मध्ये चौदा, आणखी चार वर्षांत अठरा. नवे संघ कच्चे होते. तेव्हा ऑरचे गुण फुगलेले आहेत, असा हा आक्षेप. लीग विस्तारली हे खरे. पण ती सर्वांसाठीच विस्तारली. त्याच कच्च्या संघांविरुद्ध १९६९-७० मध्ये ऑरला १२० गुण मिळाले आणि दुसऱ्या क्रमांकावरच्या फिल एस्पोझिटोला ९९. एस्पोझिटो आघाडीपटू, ऑरच्याच संघातला. १९७३-७४ मध्ये ऑरचे १२२, तर ब्रॅड पार्कसारख्या अव्वल बचावपटूचे ८२. विस्तारामुळे गुण फुगतात म्हणावे तर इतरांचे का फुगले नाहीत? १९८५-८६ मध्ये, गोलांचा पाऊस पडणाऱ्या काळात, एडमंटनच्या पॉल कॉफीने ऑरचा एका हंगामातला ४६ गोलांचा विक्रम ४८ करून मोडला. त्याच्या शेजारी ग्रेट्झ्की होता. तरी कॉफीचे एकूण गुण झाले १३८. ऑरचे १३९ आजही बचावपटूंमध्ये सर्वाधिक आहेत.

आता लांबीचा हिशोब. चाहते सामन्यामागे १.३९ गुण ही सरासरी घेतात, तिला हजार-दीड हजार सामन्यांनी गुणतात आणि डोळे दिपवणारा आकडा काढतात. हा गुणाकार कोणत्याही खेळाडूला लागू होत नाही. ग्रेट्झ्कीने १९८५-८६ मध्ये २१५ गुण मिळवले आणि १९९८-९९ च्या शेवटच्या हंगामात ६२. उतरण प्रत्येकाला लागते. ऑरला आणखी दहा वर्षे मिळाली असती तर बेरीज वाढली असती आणि सरासरी घसरली असती, एवढेच निश्चित. बेरीज वाढण्याने त्याच्याविषयीचे मत बदलणार असेल तर ते मत आधीच कच्चे होते. आपल्या मुंबईकरांना हे वेगळे सांगायला नको. विजय मर्चंट दहाच कसोट्या खेळले. १९५१ मध्ये दिल्लीला इंग्लंडविरुद्ध १५४ धावा केल्या आणि त्याच सामन्यात खांदा दुखावून त्यांची कारकीर्द संपली. म्हणून प्रथम श्रेणीतली ७१.६४ ही त्यांची सरासरी कोणी अपुरी म्हणत नाही.

अपुरे केव्हा म्हणावे? काम हातात घेतले आणि पुरे झाले नाही, तेव्हा. ऑरच्या हातात कोणते काम होते? त्याच्या आधी बचावपटू गोल करीत नसत असे नाही. डग हार्वी खेळाची सूत्रे मागून हलवायचा, त्याला सात नॉरिस करंडक मिळाले. पण मर्यादा ठरलेली होती. बचावपटूचे एका हंगामातले सर्वाधिक गोल वीस, फ्लॅश हॉलेटचे, १९४४-४५ चे. सर्वाधिक गुण ५९, पिएर पिलोतचे, १९६४-६५ चे. १९६८-६९ मध्ये ऑरने २१ गोल आणि ६४ गुण करून दोन्ही मर्यादा किंचित ओलांडल्या. पुढच्याच हंगामात १२०. म्हणजे विक्रम एका वर्षात जवळजवळ दुप्पट झाला. खेळाच्या इतिहासात अशी उडी क्वचित दिसते. त्यानंतर प्रशिक्षक बचावपटूला पुढे जायची मुभा देऊ लागले, मुलगे बचावात खेळायला मागू लागले, आणि डेनिस पोटव्हिन, रे बोर्क, कॉफी अशी पिढी उभी राहिली. ऑरचे एकूण गोल आणि एकूण गुण पोटव्हिनने ऐंशीच्या दशकात मागे टाकले. पोटव्हिनला ती वाट मोकळी मिळाली होती, आणि ती ऑरने मोकळी केली होती. हे काम १९७५ पर्यंत पुरे झाले होते. पुढे आणखी हंगाम मिळाले असते तर करंडक वाढले असते, काम वाढले नसते.

एक गोष्ट मला मान्य आहे आणि ती लपवण्याचे कारण नाही. १९७२ च्या सप्टेंबरात कॅनडा आणि सोव्हिएत संघ यांची आठ सामन्यांची ऐतिहासिक मालिका झाली, तेव्हा ऑर शस्त्रक्रियेमुळे खेळू शकला नाही. संघाबरोबर होता, सराव करून पाहत होता, पण गुडघ्याने परवानगी दिली नाही. सोव्हिएत संघाचा वालेरी खार्लामोव्ह आणि ऑर एकाच बर्फावर, ऐन भरात, हे दृश्य जगाला मिळाले नाही. याची रुखरुख मलाही आहे. परंतु चार वर्षांनी काय झाले ते त्याच श्वासात सांगितले पाहिजे. १९७६ च्या कॅनडा करंडक स्पर्धेत ऑर उतरला. सकाळी त्याला धड चालता येत नसे, असे त्याचे सहकारी सांगत आले आहेत. सात सामन्यांत २ गोल, ७ असिस्ट, आणि कॅनडा विजेता झाला तेव्हा स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवड ऑरचीच. बहात्तरची रुखरुख आळवणारे शहात्तरचा हा पराक्रम एका ओळीत उरकतात. मला हे प्रमाण उलटे वाटते.

जर-तर सरसकट वर्ज्य आहे असे माझे म्हणणे नाही. आपल्या जुगराज सिंगचे उदाहरण घ्या. पेनल्टी कॉर्नरवर ड्रॅग फ्लिक मारणारा हा पंजाबी मुलगा २००१ च्या कनिष्ठ विश्वकरंडक विजेत्या भारतीय संघात होता. सप्टेंबर २००३ मध्ये, विशीच्या उंबरठ्यावर, जालंधरजवळ मोटार अपघातात तो जबर जखमी झाला आणि पूर्वीचा जुगराज पुन्हा दिसला नाही. त्याच्याबाबत काय झाले असते हा प्रश्न रास्त आहे, कारण त्याचे काम सुरू होता होता थांबले. ऑरला त्याच पंगतीत बसवणे दोघांवरही अन्याय आहे. जुगराजचे नुकसान त्यात लहान दिसते आणि ऑरची कमाईही.

बॉस्टनच्या लोकांना हे एकदा अचूक उमगले होते. ९ जानेवारी १९७९ रोजी बॉस्टन गार्डनमध्ये ऑरचा चार क्रमांक सन्मानाने निवृत्त करण्यात आला. त्या रात्री सोव्हिएत क्लबविरुद्ध प्रदर्शनी सामना होता. ऑर बाहेर आला आणि टाळ्या सुरू झाल्या, त्या दहा मिनिटे उलटली तरी थांबेनात. त्या प्रेक्षकांना उरलेल्या हंगामांचे गुणाकार करायचे नव्हते. आपण काय पाहिले, ते त्यांना ठाऊक होते. त्याच वर्षी हॉल ऑफ फेमनेही निवृत्तीनंतरची तीन वर्षांची अट त्याच्यासाठी बाजूला ठेवली. तो एकतीस वर्षांचा होता.

टोरांटो, बॉस्टन आणि त्यांच्या आसपास आता मराठी घरे पुष्कळ आहेत. त्यांतली मुले स्टिक घेऊन रिंकवर जातात, आणि ऑरची गोष्ट त्यांच्या कानावर येते ती बहुधा हळहळीच्या सुरात. त्यांच्या आईवडिलांना माझी विनंती आहे की ती गोष्ट सुरुवातीपासून सांगा. अठराव्या वर्षी गुडघा दुखावला, विसाव्या वर्षाच्या आत शस्त्रक्रिया झाली, आणि त्यानंतर सलग आठ वर्षे लीगचा सर्वोत्तम बचावपटू हा मान दुसऱ्या कोणाला मिळाला नाही. सर्वाधिक गुणांचा आर्ट रॉस करंडक बॉबी ऑरने दोनदा जिंकला, १९७० आणि १९७५ मध्ये. त्याच्या आधी तो कोणत्याही बचावपटूला मिळाला नव्हता, आणि त्याच्यानंतर आजवर एकालाही मिळालेला नाही.